बिनआवाजाचा व्हिडिओ : सातवीच्या मराठी वर्गातील एक प्रकरण

महाराष्ट्र शासनाने २०२० साली केलेल्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या आणि सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावी या इयत्तांपासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत न्यावा, अशी त्याची रचना होती. कायद्यामुळे वेळापत्रकात मराठीची तासिका आली. मात्र ज्या घरांत मराठी बोललीच जात नाही, त्या घरांतल्या मुलांना ती कशी शिकवावी हे शिक्षकांनीच शोधायचे होते. येथे मांडलेले प्रकरण नवी मुंबईत खारघर येथील, केंद्रीय मंडळाशी संलग्न अशा एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील सातवीच्या वर्गाचे असून ते २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातले आहे. शाळा आणि व्यक्ती यांचा उल्लेख नावाविना केला आहे.

वर्गात चाळीसच्या आसपास मुले होती. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी हिंदी किंवा तिच्या जवळची बोली होती. उरलेल्यांत मल्याळी, तमिळ, गुजराती आणि बंगाली घरांतली मुले होती, आणि काही मुले मराठी घरांतलीही होती. आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका मिळत. हजेरी, वह्या गोळा करणे आणि सूचना यांत जाणारा वेळ वजा केला, तर शिकवायला हाती फार थोडे उरे. मराठी शिकवणाऱ्या बाईंची अडचण वेळेची होती, पण त्याहून अधिक ती वर्गाच्या मिश्रणाची होती. हिंदी घरातल्या मुलाला देवनागरी लिपी येते, वाक्याचा अंदाज येतो, म्हणून तो पुढे आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो ‘शाळामध्ये’, ‘दुकानमध्ये’ असे हिंदीच्या वळणाचे रूप वापरतो आणि समोरच्याला कळले म्हणून तिथेच थांबतो. तमिळ किंवा मल्याळी घरातल्या मुलाला सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामाचे होणारे बदललेले रूप, ही गोष्टच मुळापासून शिकावी लागते, पण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक त्याला सांगावाही लागत नाही, कारण ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असे दोन निराळे शब्द त्याच्या भाषेत आहेतच. हिंदी घरातले मूल नेमके इथेच अडते. त्यामुळे फळ्यासमोर उभे राहून सांगितलेला एकच नियम काहींना कंटाळवाणा होई आणि काहींच्या डोक्यावरून जाई. मुलांनी आपापल्या गतीने घरी पाहावे, थांबवावे, मागे न्यावे आणि वर्गात सराव करावा, हा फ्लिप्ड क्लासरूमचा विचार बाईंना पटला तो या कारणासाठी.

जून ते ऑगस्ट या काळात जे झाले ते अनेक शाळांत होते तसेच झाले. बाईंनी स्लाइड तयार केल्या, त्यांवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला आणि पंधरा-सोळा मिनिटांचे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवले. विषय होते नामाचे सामान्यरूप, विभक्ती, तीन लिंगे आणि भूतकाळ. समजावण्याची भाषा बहुतांशी इंग्रजी होती. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘व्हिडिओ पाहिला का?’ असे विचारले की ‘हो मॅम’ असा एकमुखी होकार येई आणि मग स्वाध्यायपुस्तिकेतल्या रिकाम्या जागा भरल्या जात. घटक चाचणीत रिकाम्या जागांचे गुण सुधारले. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी होता. मात्र तासिकेत मुलांच्या तोंडून येणारी मराठी ‘मे आय गो टू वॉशरूम’चे मराठी रूप आणि ‘समजलं नाही’ यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी या वर्गात जाऊन बसू लागलो तेव्हा मला सर्वांत आधी जाणवली ती वर्गातली शांतता. भाषेच्या तासाला इतकी शांतता असणे हे शिस्तीचे लक्षण समजले जाते, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

असे का झाले हे समजण्यासाठी ही पद्धत कुठून आली ते पाहावे लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ती मुख्यतः गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. दोघेही रसायनशास्त्र शिकवत. त्याआधी हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर यांनी व्याख्यान कमी करून वर्गात विद्यार्थ्यांना एकमेकांशी चर्चा करायला लावण्याचे जे प्रयोग केले, तेही भौतिकशास्त्रात. या विषयांत समजावून सांगण्यासारखी एक संकल्पना असते, ती व्हिडिओत घालता येते, आणि ती वापरून उदाहरणे सोडवणे हे वर्गातले काम ठरते. दुसऱ्या भाषेच्या बाबतीत ही विभागणी जशीच्या तशी लागू होत नाही. भूतकाळाचा नियम समजणे आणि भूतकाळात बोलता येणे या दोन क्रियांमध्ये मोठे अंतर आहे. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांतली इंग्रजी भाषक मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही बोलताना व्याकरणात चुकत राहतात, हे पाहून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे मांडले की ऐकून समजणे पुरेसे नसते. शिकणाऱ्याला स्वतः वाक्य घडवावे लागले, म्हणजेच आपल्याला काय येत नाही ते त्याच्या लक्षात येते. खारघरच्या वर्गात व्हिडिओने समजावणे घरी नेले होते, आणि मोकळ्या झालेल्या वेळेत पुन्हा लेखनच आले होते. वाक्य घडवायची वेळ मुलांवर ना घरी येत होती, ना वर्गात.

व्हिडिओची लांबी हा दुसरा दोष होता, पण तो तुलनेने सोपा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहा मिनिटांहून लांब व्हिडिओंवर प्रेक्षक टिकत नाहीत. ते प्रेक्षक प्रौढ होते आणि विषय बहुतांशी विज्ञान-तंत्रज्ञानाचे होते. बारा वर्षांच्या मुलाकडून त्याहून अधिक चिकाटीची अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. मुलांनी विचारल्यावर मोकळेपणाने सांगितले की ते व्हिडिओ दुप्पट वेगाने लावतात आणि शेवटी दिलेले प्रश्न तेवढे पाहतात. परकी भाषा दुप्पट वेगाने ऐकली तर कानावर काय पडणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. व्हिडिओची भाषा इंग्रजी असल्यामुळे तो पडण्यासारखाही नव्हता.

गणपतीच्या सुट्टीनंतर बाईंनी आखणी बदलली. व्हिडिओ कशासाठी वापरायचा, हे त्यांनी नव्याने ठरवले. पुस्तकात छापता येत नाही आणि तासिकेत पुन्हा पुन्हा दाखवता येत नाही, तेवढेच व्हिडिओत घालायचे. या कसोटीवर पहिल्यांदा उतरले ते उच्चार. मराठीत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांचा भेद दिसत नाही. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाकू’तला ‘च’ वेगळे. ‘चिंचेचा’ या एका शब्दात पहिले दोन ‘च’ तालव्य (‘चहा’तल्यासारखे) आहेत आणि तिसरा दंततालव्य (‘चाकू’तल्यासारखा). ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत एकच ‘झ’ लिहिला जातो, पण उच्चारला जातो दोन प्रकारे. हिंदी घरातले मूल हे सगळे हिंदीप्रमाणे वाचते, आणि वर्गात एकदा दुरुस्त केले तरी घरी गेल्यावर ऐकायला कोणी नसते. बाईंनी दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ केले, ज्यांत एका मराठी भाषक विद्यार्थिनीच्या आजी जवळून, सावकाश, ओठ दिसतील अशा रीतीने शब्द उच्चारतात आणि मुलांना म्हणायला मध्ये थोडी जागा सोडतात. खाली मराठीतच शब्द उमटतात. दृश्याच्या खाली त्याच भाषेतली अक्षरे दिली तर वाचनाला चालना मिळते, ही कल्पना अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९० च्या दशकात मांडली होती आणि दूरदर्शनवरील चित्रपटगीतांसाठी ती वापरलीही गेली. इथे तिचा उपयोग उलट अंगाने झाला, कारण मुलांना अक्षर वाचता येत होते, आवाज येत नव्हता.

दुसरा प्रकार होता प्रसंगांचा. भाजीवाली, रिक्षावाले काका, इमारतीचे वॉचमन आणि बसमधील कंडक्टर यांच्याशी होणारी छोटी संभाषणे बाईंनी आणि दोन सहकाऱ्यांनी स्वतः अभिनय करून फोनवर चित्रित केली. दूरचित्रवाणी मालिकांचे तुकडे वापरावेत, असा एक सल्ला आला होता. हक्कांचा प्रश्न होताच, शिवाय त्या मालिकांतील माणसे ज्या आवेशात बोलतात तसे भाजी घेताना कोणी बोलत नाही. ‘कोथिंबीर कशी दिली?’, ‘पंधराला जुडी’, ‘दहाला लावा ना’ एवढ्याच संवादात ‘पंधराला’, ‘दहाला’ ही रूपे येतात आणि मुलांना विभक्तीचा तक्ता न पाहता ती ऐकू येतात.

या प्रकरणात सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा भाग तिसऱ्या प्रकारच्या व्हिडिओचा आहे. तो बिनआवाजाचा होता. भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, हा मराठीचा अवघड नियम शिकवण्यासाठी बाईंनी कांदेपोहे करतानाचा अडीच मिनिटांचा व्हिडिओ चित्रित केला. त्यात फक्त हात दिसतात. पोहे भिजवले जातात, कांदा चिरला जातो, मिरची चिरली जाते, शेंगदाणे तळले जातात, फोडणी होते, पोहे परतले जातात, झाकण ठेवले जाते, लिंबू पिळले जाते, कोथिंबीर घातली जाते. एक शब्दही नाही, खाली अक्षरेही नाहीत. सोबत फक्त साहित्याची यादी दिली होती आणि सूचना एकच होती : हे सगळे तुम्ही केले आहे असे समजा आणि उद्या वर्गात जोडीदाराला सांगा.

यादीतले शब्द मुद्दाम निवडले होते. कांदा पुल्लिंगी, मिरची स्त्रीलिंगी, लिंबू नपुंसकलिंगी, पोहे आणि शेंगदाणे अनेकवचनी. दुसऱ्या दिवशी वर्गात जे घडले ते कोणत्याही तक्त्याने दाखवता आले नसते. हिंदी घरांतल्या मुलांना कर्माप्रमाणे क्रियापद बदलणे नवे नव्हते, कारण हिंदीतही तसेच होते. ती दोन ठिकाणी अडली. ‘मैंने’च्या सवयीने त्यांनी ‘मीने कांदा चिरला’ असे म्हटले, आणि तिसरे लिंग हिंदीत नसल्याने ‘लिंबू पिळला’ असे म्हटले. गुजराती घरातल्या मुलींनी ‘लिंबू पिळलं’ हे अचूक म्हटले, कारण त्यांच्या भाषेत नपुंसकलिंग आहे आणि लिंबू त्यातच बसते. पण ‘मरचुं’सुद्धा गुजरातीत नपुंसकलिंगी असल्याने त्यांची मिरचीही ‘चिरलं’ झाली. बंगाली घरातल्या मुलीला लिंगभेदाचीच सवय नव्हती, त्यामुळे तिने सगळीकडे ‘-ला’ लावला. तमिळ घरातल्या एका मुलाने ‘मी मिरची चिरलो’ असे म्हटले आणि जोडीदाराने दुरुस्त केल्यावर त्याने हरकत घेतली की मी मुलगा आहे, मग मी ‘चिरली’ कसे म्हणू? त्याच्या भाषेत क्रियापद कर्त्याशी जुळते, म्हणून त्याचा प्रश्न रास्त होता. बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी त्याला विचारले, ‘तू काय चिरलंस? मिरची ना? मग मिरची मुलगा की मुलगी?’ वर्ग हसला, आणि तास संपेपर्यंत पोरे एकमेकांच्या मिरच्या आणि लिंबे तपासत राहिली.

नियम त्यानंतर आला. त्या रात्री बाईंनी तीन मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला, ज्यात वर्गात ऐकलेली चुकीची आणि बरोबर वाक्ये शेजारी ठेवून कारण सांगितले होते, आणि या वेळी समजावणे इंग्रजी-हिंदी मिश्रित ठेवण्यात त्यांना संकोच वाटला नाही. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. फ्लिप्ड वर्गाच्या प्रचलित मांडणीत स्पष्टीकरण आधी आणि सराव नंतर असतो. येथे घरी पाहिले ते दृश्य, वर्गात आली ती भाषा आणि तिच्यातली अडचण, आणि स्पष्टीकरण सर्वांत शेवटी, जेव्हा मुलाजवळ स्वतःचा प्रश्न होता. ‘चिरली कसे म्हणू?’ असे विचारलेल्या मुलाने तो व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला नाही. हा क्रम प्रत्येक घटकाला चालेल असे मी म्हणणार नाही. उच्चाराच्या बाबतीत आधी ऐकवणेच इष्ट, कारण चुकीचा उच्चार एकदा तोंडात बसला की तो काढणे कठीण जाते.

व्हिडिओ न पाहता येणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न या पद्धतीत कायमचा असतो. ‘पाहिला का?’ हा प्रश्न बाईंनी विचारणे बंद केले. तासिकेची पहिली पाच मिनिटे अशा कामाची असत की न पाहिलेल्याला ते करताच येऊ नये : उदाहरणार्थ, व्हिडिओत लिंबू पिळले ते झाकण ठेवण्याआधी की नंतर, हे पूर्ण वाक्यात सांगायचे. ज्यांना सांगता येत नसे त्यांना शिक्षा नव्हती. ते मागच्या बाकावर वर्गातल्या लॅपटॉपवर हेडफोन लावून व्हिडिओ पाहत आणि मग जोडीत सामील होत. व्हिडिओ अडीच मिनिटांचा असल्यानेच हे शक्य झाले. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओबाबत ही सोय करता येत नाही, आणि आखूडपणाचा हा व्यावहारिक फायदा मला लक्ष टिकण्याच्या फायद्यापेक्षाही मोठा वाटतो. न पाहण्याचे कारण बहुधा आळस हे नसे. घरातला फोन आई किंवा वडिलांसोबत कामावर गेलेला असे आणि ते परतेपर्यंत मुलाची झोपायची वेळ होई. खारघरसारख्या सुस्थित वस्तीत ही स्थिती असेल, तर अन्यत्र अधिक सावध राहिले पाहिजे. ग्रामीण भारताविषयीच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२१ च्या पाहणीत सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला होता, पण अशा घरांतल्या एक चतुर्थांशाहून अधिक मुलांच्या हाती तो येतच नव्हता. फोन कोणाचा आणि तो घरी कधी असतो, हे विचारल्याशिवाय व्हिडिओचा गृहपाठ देऊ नये.

मराठी घरांतल्या मुलांचा प्रश्न सुरुवातीला कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्यांना कांदेपोह्यांचे वर्णन करणे हा पोरखेळ होता आणि जोडीदाराला दुरुस्त करताना काहींचा आवाज चढत असे. बाईंनी त्यांना व्हिडिओ तयार करण्याच्या कामाला लावले. कोणती वस्तू निवडली तर तिन्ही लिंगे येतील, याचा विचार करताना त्या मुलांना पहिल्यांदाच आपण जे सहज बोलतो त्याला नियम आहे हे कळले. मिसळ, चकली आणि भाकरी यांच्या याद्या त्यांनी केल्या. चकलीची यादी नापास झाली.

एक अडचण मात्र पुरती सुटली नाही आणि ती मराठीची खास आहे. मुले व्हिडिओतून आणि जोडीदाराकडून ‘पिळलं’, ‘केलं’, ‘ठेवलं’ असे ऐकतात आणि बोलतात. पाठ्यपुस्तकात ‘पिळले’, ‘केले’, ‘ठेवले’ असे छापलेले असते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत बोलण्याप्रमाणे लिहिताना अनुस्वारयुक्त रूपे वापरण्याची मुभा आहे, परंतु परीक्षेच्या उत्तरात पुस्तकी रूपच अपेक्षित धरले जाते. शिवाय ‘पोहे भिजवले’ हे अनेकवचनी आणि ‘लिंबू पिळले’ हे नपुंसकलिंगी एकवचनी, ही दोन्ही रूपे लिहिताना सारखी दिसतात, त्यामुळे पुस्तकातून शिकणाऱ्या मुलाला त्यांतला फरक दिसतच नाही. बोलीतील ‘पिळलं’ तो स्पष्ट दाखवते. बाईंनी व्हिडिओखालच्या अक्षरांत बोलीचे रूप ठेवायचे आणि वहीत पुस्तकी रूप लिहायचे, असा मार्ग काढला. माझ्या मते तो योग्य आहे, पण त्याने लेखनात काही महिने गोंधळ झाला आणि दोन पालकांनी, शाळा अशुद्ध मराठी शिकवते, अशी लेखी तक्रार केली. दोन्ही पालक मराठी भाषक होते.

श्रमांचा हिशेबही मांडला पाहिजे. अडीच मिनिटांच्या व्हिडिओला तयारी, चित्रण आणि संकलन धरून बाईंची एक सायंकाळ जाई, आणि हे काम वेळापत्रकात कुठेच मोजले जात नव्हते. दिवाळीनंतर त्यांनी आठवड्याला एकाहून अधिक व्हिडिओ करायचा नाही असे ठरवले आणि उरलेल्या तासिका पूर्वीसारख्या पुस्तकावर घेतल्या. मला यात काही गैर दिसत नाही. प्रत्येक पाठाला व्हिडिओ हवाच, हा आग्रह शिक्षकाला थकवतो आणि मुलांनाही.

वर्षाच्या अखेरीस प्रश्न उभा राहिला तो मूल्यमापनाचा. मुलांना पूर्वी न पाहिलेला एक मिनिटाचा बिनआवाजाचा व्हिडिओ दाखवून त्याचे कथन जोडीने करायला लावावे आणि त्याला गुण द्यावेत, असा प्रस्ताव बाईंनी मांडला. शाळेने तो दुसऱ्या सत्राच्या घटक चाचणीसाठी मान्य केला; मुले जोड्यांनी ग्रंथालयात येऊन बोलत आणि बाई ऐकत ऐकत गुण देत, अशी व्यवस्था झाली. वार्षिक परीक्षेचा आराखडा मात्र सर्व तुकड्यांना समान असावा, या कारणाने लेखीच राहिला, आणि त्यात रिकाम्या जागा, जोड्या लावा व एका वाक्यात उत्तरे यांचेच प्रमाण अधिक होते. फेब्रुवारीपासून पालकांच्या गटावर मागणी सुरू झाली की आता परीक्षेचे व्हिडिओ पाठवा. मार्चमध्ये गेलेले शेवटचे तीन व्हिडिओ स्लाइडचे होते आणि त्यांत रिकाम्या जागा कशा भरायच्या ते सांगितले होते.